फोर-वेमध्ये मी नेहमी वरच राहते. शिसं किती बांधावं, आणि बांधावं का?

तरंगती

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण स्कायडायव्हिंगमध्ये फॉर्मेशनच्या (हवेत एकमेकांना धरून आकृती करण्याच्या) उड्या मारणाऱ्यांकडून नीट समजून घ्यायचंय.

माझ्या १४० उड्या झाल्यात. गेले काही महिने आम्ही चौघं मिळून फोर-वे, म्हणजे चौघांची फॉर्मेशन, करतोय. बाकीचे तिघंही माझ्यापेक्षा बरेच वजनदार. मी ४८ किलोची, अंगावरचं सगळं सामान धरून विमानातून निघताना ५८. एक्झिट बरी होते, पहिल्या फॉर्मेशनला ग्रिप (एकमेकांना धरणं) मिळते, आणि ग्रिप सुटली रे सुटली की मी वर. ते तिघं तीन-चार फूट खाली, मान वर करून माझी वाट बघतायत. मी जीव खाऊन खाली जाते, डॉक करते (जाऊन धरते), पुन्हा सोडलं की पुन्हा तेच.

व्हिडिओ बघताना घशाशी येतं. छाती पुढे, कंबर खाली, हात कानांच्या मागे, धनुष्यासारखी ताणलेली. एवढं करून टर्न घ्यायचा म्हटलं तर घेता येत नाही, कारण हात-पाय सगळे खाली जाण्याच्या कामाला लागलेले असतात. तिघांपैकी कुणी मला कधी बोललं नाही. पण प्रत्येक उडीला सगळ्यांचा वेळ माझ्यामुळे जातोय हे मला दिसतं, आणि ते मनाला लागतं.

मग एका अनुभवी प्रशिक्षकांनी ६ किलो शिशाचा वेट बेल्ट दिला. म्हणाले, बांध, प्रश्न मिटला. हवेत खरंच मिटला! पहिल्यांदाच तिघांचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. पण तिसऱ्या उडीला उतरताना वारा अजिबात नव्हता, दुपार तापलेली होती, मी नेहमीच्या सवयीने फ्लेअर केला (टेकण्याआधी पॅराशूटच्या दोऱ्या ओढून वेग मोडला) आणि जमीन माझ्या अंदाजाच्या आधीच आली. घोटा मुरगळला. मोडलं नाही, तीन आठवडे घरी बसले.

आता बेल्ट पुन्हा बांधायचा म्हटलं की हात थांबतो. तर विचारायचं हे: माझ्या वजनाला किती शिसं योग्य? बेल्ट बरा की व्हेस्ट? आणि शिशाशिवाय काही मार्ग आहे का?

---

पहिलाढग

ताई, घोटा आता कसा आहे? मी अजून विद्यार्थी आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. शाळेत तर शिकवलं होतं की जड-हलकं सगळं सारख्याच वेगाने पडतं. मग वजनाने फरक का पडतो?

---

चौरसफूट

पहिलाढग, प्रश्न मुळावरचाच आहे. शाळेतलं ते खरं आहे, फक्त हवा नसेल तर. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदमच जमिनीला टेकली. तिथे हवा नाही.

आपल्याकडे हवा आहे, आणि आपली सगळी कारागिरी त्या हवेवरच चालते. उडी मारल्यावर वेग वाढत जातो, तसतसा हवेचा विरोधही वाढतो, तोही वेगाच्या वर्गाने. साधारण १०-१२ सेकंदांत विरोध वजनाएवढा होतो आणि वेग स्थिर होतो. पोटावर पडणाऱ्या माणसाचा हा वेग ताशी १९०-२०० किमीच्या आसपास असतो. वजन जास्त, तर त्याच्या बरोबरीला यायला विरोधही जास्त लागतो, म्हणजे वेगही जास्त. अंग आणि कपडे हवेला जास्त क्षेत्रफळ देत असतील तर तोच विरोध कमी वेगात मिळतो.

थोडक्यात, फॉल रेट, म्हणजे पडण्याचा वेग, ठरतो तो वजन भागिले क्षेत्रफळ, याच्या वर्गमुळावर. म्हणूनच नुसता वजनकाटा बघून काही कळत नाही. उंच, लांब हातापायांचा ७५ किलोचा माणूस तरंगतो आणि बुटका, भरीव बांध्याचा ७० किलोचा माणूस दगडासारखा जातो, हे प्रत्येक ड्रॉपझोनवर (उड्यांच्या मैदानावर) दिसतं.

आता तरंगती यांचे आकडे. वर्गमूळ असल्यामुळे वजन २ टक्के वाढलं तर वेग साधारण १ टक्का वाढतो. ५८ किलोवर १ किलो शिसं म्हणजे ताशी दीड किमीपेक्षा किंचित जास्त. ६ किलो म्हणजे ५ टक्के, ताशी नऊ-साडेनऊ किमी. १०० किलोच्या माणसाला तेच १ किलो ताशी जेमतेम १ किमी देतं. त्यामुळे 'अमक्याने ४ किलो बांधले, तूही बांध' या सल्ल्याला काही अर्थ नाही.

आणि हा फरक किरकोळ वाटत असेल तर हे बघा. ताशी १० किमी म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. फोर-वेची फेरी ३५ सेकंदांची असते. दोघांनी काहीच न करता नुसतं आपापल्या वेगाने पडायचं ठरवलं तर तेवढ्या वेळात त्यांच्यात जवळजवळ १०० मीटरचं अंतर पडेल. ते अंतर तुम्ही सतत शरीराने भरून काढताय, आणि वर टर्नही मारायचे आहेत. दमणारच.

---

उतरणीचावारा

सगळ्यात आधी, तीन आठवडे घरी बसावं लागलं त्याबद्दल वाईट वाटलं. तो घोटा बेल्टमुळे नव्हे, एकदम ६ किलो दिल्यामुळे आणि कॅनोपीबद्दल (पॅराशूटच्या छताबद्दल) कुणी काही न सांगितल्यामुळे मुरगळला असं मला वाटतं. कॅनोपीवर चौरसफूट बोलतीलच.

मी बरीच वर्षं फोर-वे करतोय, आणि माझं मत पक्कं आहे. शिसं हे शेवटचं उत्तर. त्याच्या आधी दोन गोष्टी बघायच्या: शरीर आणि सूट.

शरीर. तुम्ही लिहिलंय 'हात कानांच्या मागे'. मला त्यावरूनच तुमचा व्हिडिओ दिसला. हलक्या मुलींना सुरुवातीला कुणीतरी सांगतं की जोरात आर्च कर, म्हणजे अंग धनुष्यासारखं ताण, आणि त्या छातीने आर्च करतात. खांदे मागे खेचतात, मान वर, पाठीचा वरचा भाग ताठ. पण आर्च कमरेतून व्हायला हवी. जांघांच्या वरचं हाड हवेत सगळ्यात पुढे गेलं पाहिजे, आणि बाकीचं अंग त्याच्याभोवती सैल. घरात जमिनीवर पालथं झोपून बघा: ओटीपोट जमिनीत रुतवायचं, नितंब आवळायचे, पण खांदे आणि जबडा ढिला. छातीने काढलेल्या आर्चमध्ये हात अडकतात, कमरेतून काढलेल्या आर्चमध्ये हात मोकळे राहतात. टर्नसाठी ते मोकळेच लागतात.

सूट. कोणता घालता? अंगाबरोबर शिवलेला की कुणाचा तरी घेतलेला?

---

तरंगती

घोटा आता ठीक आहे, विचारल्याबद्दल सगळ्यांचे आभार.

सूट एका मैत्रिणीचा आहे. ती माझ्यापेक्षा उंच. सगळा सुती, बाह्या ढगळ, पोटाशी गोळा होतो. बूटी (सुटाची बुटांवर येणारी आवरणं) आहेत पण घोट्याशी सैल. मी त्याकडे कधी त्या नजरेने पाहिलंच नाही.

---

उतरणीचावारा

तिथेच तर घोडं अडलंय. हलक्या माणसाने ढगळ सुती सूट घालून खाली जायची धडपड करायची म्हणजे छत्री उघडून विहिरीत बुडी मारण्यासारखं आहे.

फॉर्मेशनचा सूट फॉल रेटसाठीच शिवतात. वेगाने पडायचं असेल तर समोरची बाजू गुळगुळीत नायलॉनची आणि अंगाला घट्ट. सावकाश पडायचं असेल तर समोर सुती किंवा मिश्र कापड, थोडं सैल, शिवाय काखेत जादा कापड. हेच आमच्या टीममधला सगळ्यात वजनदार गडी करतो. कधी कधी तर सुटावर साधा सुती शर्ट चढवतो आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

तुमचा सूट आधी बदला. मापाचा, समोरून नायलॉन, बूटी घट्ट. मग उरेल तेवढंच शिसं.

---

जडशीळ

मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे, म्हणून लिहितो. सामानासकट ११२ किलो. माझी पहिली दोन वर्षं उलटी गेली: मी कायम खाली. आणि खाली राहणं वर राहण्यापेक्षा जास्त अवघड, कारण वरून खाली येता येतं, खालून वर जाणं म्हणजे वाट बघणं. हात-पाय पसरून, पाठ गोल करून, हवा पोटाखाली धरून पडून राहायचं आणि बाकीचे खाली येईपर्यंत थांबायचं.

तर ताई, मनाला लावून घेऊ नका. फॉल रेट ही एकट्या माणसाची चूक कधीच नसते, दोन माणसांमधला तो फरक असतो. तुमच्या तिघांनी त्यांच्या बाजूने काय केलंय? सगळ्यात हलकीनेच ६ किलो उचलायचे आणि बाकीच्यांनी आहे तसं पडायचं, हे मला पटत नाही. त्यांनीही सैल सूट शिवावेत. मी शिवला. काखेत जादा कापड टाकून घेतलं आणि त्या दिवसापासून माझं खेळणं बदललं.

---

उतरणीचावारा

जडशीळ, तुमचं म्हणणं निम्मं मान्य. वजनदारांनी सूट बदलायलाच हवा. पण पाठ गोल करून पडणारा माणूस डगमगतो. त्याच्या अंगाखालची हवा इकडून तिकडून निसटते, तो घसरत राहतो. चार जण मिळून सावकाश पडत असतील तर सगळंच लिबलिबीत होतं. थोड्या जास्त वेगात हवा घट्ट लागते, हाताचा छोटासा तळवा वळवला तरी अंग ऐकतं. म्हणून स्पर्धा करणाऱ्या टीम सहसा वेगवान बाजूला झुकतात आणि हलका माणूस शिसं बांधतो.

---

जडशीळ

हवा घट्ट लागते हे खरं. पण तो हिशेब रोज उड्या मारणाऱ्या टीमचा आहे. १४० उड्यांच्या मुलीच्या घोट्याची किंमत त्यात धरलेली नाही. इथे मध्य गाठणंच बरं. त्या तिघांनी ताशी ४ किमी कमी करायचे, यांनी ४-५ वाढवायचे.

---

चौरसफूट

आता जमिनीकडे येतो, कारण मला सगळ्यात काळजी तिथली वाटते.

तरंगती, कॅनोपी किती चौरस फुटांची आहे? तुमच्या अनुभवाच्या हलक्या व्यक्तीला शोभेल असा १३५ धरून चालतो, चुकलं असेल तर सांगा.

विंग लोडिंग म्हणजे निघतानाचं वजन पौंडांत, भागिले कॅनोपीचे चौरस फूट. ५८ किलो म्हणजे जवळजवळ १२८ पौंड. १२८ भागिले १३५, म्हणजे ०.९५. आता ६ किलो बांधा. ६४ किलो, १४१ पौंड, म्हणजे १.०४ च्या वर. तुम्ही कॅनोपी बदलली नाही, पण त्या दिवशी नकळत छोटी कॅनोपी उडवलीत. १२८ पौंडांच्या माणसाला १.०४ यायला जवळपास १२२-१२३ चौरस फुटांची लागेल. १४० उड्यांवर तुम्हाला कुणी १३५ वरून १२२ वर उडी मारू दिली असती का? बेल्टने तेच केलं, फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही.

कॅनोपीचा वेगही वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे तुमचा वेग ५ टक्क्यांनी वाढला. वजन मात्र १० टक्क्यांनी वाढलं. पायांना झेलावी लागणारी ऊर्जा म्हणजे वजन गुणिले वेगाचा वर्ग, तेव्हा फ्लेअर तितकाच चुकला तर ती वजनाच्या वर्गाने वाढते: साधारण २२ टक्के जास्त. त्यात वारा शून्य, म्हणजे जमिनीवरचा वेग पुरताच. त्यात तापलेली दुपार, हवा विरळ, कॅनोपी आणखी थोडी वेगात. आणि तुमच्या हातांना फ्लेअरची वेळ पाठ झालेली ५८ किलोची. घोटाच मुरगळला, हे नशीब म्हणायचं.

त्यामुळे नियम साधा ठेवा: शिसं वाढवलं की ती नवी कॅनोपी समजा. पहिल्या उड्या सौम्य वाऱ्यात, उंचावर दोन-तीन सरावाचे फ्लेअर करून कॅनोपी कधी हवा धरते ते बघून, आणि मोकळ्या मैदानावर.

---

तरंगती

कॅनोपी १३५ चीच आहे. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'नकळत छोटी कॅनोपी उडवलीत' हे वाक्य वाचून अंगावर काटा आला. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

---

शिवणटिपण

मी रिगर आहे, म्हणजे पॅराशूटची तपासणी-दुरुस्ती करते. हातात येणाऱ्या सामानाबद्दल थोडं लिहिते. ही माहिती उड्या मारणाऱ्यांच्या कानावर उशिरा जाते.

पहिली गोष्ट रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट. रिझर्व्हच्या लेबलवर आणि हार्नेसवर (अंगावरच्या पट्ट्यांवर) कमाल वजन छापलेलं असतं. ते निघतानाचं वजन आहे, शिशासकट. तरंगतीला तिथे बहुतेक अडचण यायची नाही, पण जडशीळ यांच्यासारख्यांनी शिसं बांधण्याआधी ते लेबल वाचावं. हलक्या माणसाच्या रिगमध्ये रिझर्व्हही छोटं असतं, आणि रिझर्व्हवर उतरायची वेळ येते ती बहुधा वाईट दिवशीच, अनोळखी जागी. तेव्हा रिझर्व्हवर विंग लोडिंग किती होतंय हेही एकदा काढून ठेवा.

दुसरी गोष्ट हँडल. ही मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका मुलाने बेल्ट हार्नेसच्या वरून, सैल बांधला होता. विमानात बसताना बेल्ट वर सरकला आणि डाव्या बाजूच्या रिझर्व्ह हँडलवर अर्धा चढून बसला. बकलची कड हँडलच्या आत गेलेली. दार उघडण्याआधी शेजारच्याने पाहिलं म्हणून ठीक. बेल्ट आधी बांधायचा, कमरेच्या हाडांवर घट्ट, मग त्यावर हार्नेस. सगळं चढवून झालं की उभं राहून, बसून आणि आर्च करून तिन्ही स्थितींत प्रत्येक हँडलला हात लावायचा: पायलट च्यूट (मुख्य पॅराशूट उघडणारं), कटअवे (बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून देणारं), रिझर्व्ह. पायलट च्यूट कंटेनरच्या (पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीच्या) तळाशी असतं, आणि बेल्टचा मागचा पाउच नेमका तिथेच येऊन टेकतो. त्या बाजूला पाउच नकोच.

बेल्ट की व्हेस्ट? व्हेस्ट सुटाच्या आत, अंगाला चिकटून बसतो, हँडलांच्या वाटेत येत नाही, वजनही पसरतं. पण ते छातीवर असतं. जास्त टाकलं तर डोकं खाली झुकतं आणि माणूस पुढे सरकत राहतो, मग ते थोपवायला गुडघे वाकवतो, आणि तो नवाच प्रश्न. बेल्टचं वजन कमरेवर, आर्चला मदतच होते. नवख्या हलक्या माणसाला २-३ किलोपर्यंत मी बेल्टच सुचवते. त्यापुढे जायचं तर थोडं व्हेस्टमध्ये, थोडं बेल्टवर. दोन्हींत डावं-उजवं सारखं हवं. अर्धा किलो एका बाजूला जास्त गेलं तरी अंग हळूहळू वळत राहतं आणि माणूस आपल्या हातापायांना दोष देत बसतो.

तिसरी गोष्ट पाणी. ड्रॉपझोनच्या जवळ तलाव, नदी, समुद्र काही असेल तर बेल्टचं बकल एका हाताने, एका ओढीत सुटलंच पाहिजे. सुटाच्या आतला व्हेस्ट पाण्यात काढता येत नाही. पाण्याजवळ उड्या मारणाऱ्यांनी व्हेस्ट घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जमिनीवर लोक असताना हवेतून शिसं सोडायचं नाही, कितीही अडचण असली तरी.

एक छोटी गोष्ट राहिली. बेल्टमध्ये शिशाचे छर्रे असतात, पिशव्यांमध्ये. ठोकळ्यांपेक्षा छर्रे बरे, अंगावर बसतात आणि पडल्यावर बरगडीत घुसत नाहीत. पण त्या पिशव्यांची शिवण कोपऱ्यात उसवते. दर महिन्याला पाउचमधून बाहेर काढून कोपरे दाबून बघा. बोटांना राखाडी भुकटी लागली की ती पिशवी बाद. आणि शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, खाण्याआधी तर नक्कीच. पोलादी छर्रे वापरणारेही आहेत, पण पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं, तेवढ्याच वजनाला जवळजवळ दीडपट जागा लागते आणि बेल्ट फुगतो.

---

पहिलाढग

शिवणटिपण ताई, विमानात बसताना वैमानिकाला शिशाचं वजन सांगायचं असतं का?

---

शिवणटिपण

हो, नक्की. यादीत नाव लिहिताना विचारतात ते निघतानाचं वजन. त्यात शिसंही धरायचं. एकाचे ५ किलो म्हणजे काही नाही, पण विमानभर लोकांनी असंच केलं तर वैमानिकाचा हिशेब चुकतो.

---

बाहेरचंवर्तुळ

मी मोठ्या फॉर्मेशनवाली, म्हणून एक वेगळी बाजू. फोर-वेत हलक्याने शिसं बांधणं ठीक. मोठ्या फॉर्मेशनमध्ये जागेप्रमाणे विचार करावा लागतो.

८ फेब्रुवारी २००६ ला थायलंडमध्ये उडोन थानीला ४०० जणांचं फॉर्मेशन झालं, पाच सी-१३० विमानांतून, ४.२५ सेकंद टिकलं. मी तिथे नव्हते, पण मोठ्या फॉर्मेशनच्या शिबिरांत त्याचे व्हिडिओ दाखवतात आणि दर वेळी माझं लक्ष कडेच्या लोकांकडे जातं. मधला गाभा ज्या वेगाने पडेल त्याला बाकी सगळ्यांनी जुळवायचं. शेवटी विमानातून निघणारे आधी डोकं खाली करून लांबवरून झेपावत येतात आणि मग आपल्या जागेजवळ येऊन थांबतात. थांबणं महत्त्वाचं. अंगावर गरजेपेक्षा जास्त शिसं असेल तर माणूस थांबता थांबता खाली निसटतो.

आणि खाली गेलेल्याने काय करायचं? बाजूला राहायचं, फॉर्मेशन नजरेत ठेवायचं, कधीही त्याच्या खाली शिरायचं नाही, आणि ठरलेल्या उंचीला ट्रॅक करून (हवेत आडवं सरकत) निघून जायचं. फॉर्मेशनच्या खाली उघडलेली कॅनोपी म्हणजे वरच्या सगळ्यांच्या जिवाशी गाठ. वर राहिलेल्यालाही धोका आहे. कुणाच्या बरोब्बर डोक्यावर आलात तर त्याच्या पाठीवरच्या विस्कटलेल्या हवेत, बर्बलमध्ये, तुमचा आधारच जातो आणि तुम्ही त्याच्या अंगावर पडता. तरंगती, वरून खाली येताना कधीही कुणाच्या डोक्यावरून येऊ नका. आधी बाजूला, मग खाली, मग आत.

---

तरंगती

हे मी केलंय, बाहेरचंवर्तुळ ताई. एकदा थेट वरून उतरले आणि आमच्यातल्या एकाच्या पाठीवर गुडघा बसला. त्याने नंतर हसून सोडून दिलं, मी ते विसरलेले नाही.

आता मुख्य प्रश्न. सूट बदलणार हे ठरलं. त्यानंतर किती शिसं लागेल ते शोधायचं कसं? उडी मारत, अंदाजाने?

---

उतरणीचावारा

अंदाजाने नाही. आम्ही दोन पद्धती वापरतो.

विंड टनेल (खालून वर वारा सोडणारा बोगदा, त्यात तरंगता येतं) मिळत असेल तर सोनं. एकेकट्याने आत जायचं, अगदी आरामात, मधल्या आर्चमध्ये तरंगायचं आणि चालकाला वाऱ्याचा वेग कमी-जास्त करायला सांगायचं. जाळीपासून एका उंचीवर, काहीही न करता तुम्ही स्थिर राहता तो आकडा लिहून घ्यायचा. चौघांनी एकाच सत्रात, लागोपाठ, उडीत घालायचा तोच सूट घालून. चार आकडे समोर आले की कोण किती दूर आहे ते उघडं पडतं. मग बेल्टमध्ये एकेक किलो टाकून तुमचा आकडा बघायचा. तुमचा आकडा नेमका तिघांच्या आकड्यावर आणू नका. थोडा खाली ठेवा, म्हणजे किंचित हलक्याच राहा. खाली जायला तुम्हाला आर्च आहे, आणि गरजेपुरती आर्च वापरणं चांगलंच.

टनेल नसेल तर उडीत. दोघांनीच जायचं, एकमेकांसमोर, ग्रिप न घेता, तीन मीटरवर. समोरचा आरामात पडेल, तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या पातळीला राहायचं. काम फक्त एवढंच, टर्न नाही, डॉक नाही. कॅमेरा लावायचा. खाली आल्यावर व्हिडिओत पातळी बघू नका, तुमचे हात बघा. हात आरामात, खांद्यांच्या रेषेत असतील तर वजन बरोबर. कानांच्या मागे गेले असतील तर १ किलो वाढवा. पुढे येऊन हवा धरत असतील तर १ किलो काढा. दर वेळी एकच किलो, आणि चौरसफूट म्हणाले तसं दर किलोनंतर उतरण्याकडे लक्ष.

मला १४० उड्यांच्या कुणी विचारलं असतं तर मी ३ च्या वर सांगितलं नसतं, टनेल काहीही म्हणो. बाकीचं तिघांनी भरावं. जडशीळ, इथे तुमच्याशी सहमत.

---

जडशीळ

आभार. ताई, त्या तिघांना हा धागा वाचायला द्या.

---

तरंगती

दिला. तिघांनीही वाचला. लिहायला जरा उशीर झाला, कारण आधी सगळं करून बघायचं होतं.

नवा सूट आला, अंगाबरोबर, समोरून नायलॉन. नुसत्या सुटाने, एक ग्रॅम शिसं न बांधता, समोरासमोरच्या उडीत हात खांद्यांपर्यंत आले. सगळं नाही, पण निम्मं काम तिथेच झालं. आर्चचा जमिनीवरचा सराव रोज करतेय, पहिले काही दिवस नितंब दुखले.

टनेलमध्ये चौघं गेलो. आमच्या सगळ्यात वजनदार मित्राचा आकडा ऐकून तो स्वतःच गप्प झाला. दोन दिवसांनी म्हणाला, मी सुटाला बाह्यांखाली कापड टाकून घेतोय, तू बेल्ट कमी कर. बाकी दोघांनी सुटावर सुती शर्ट चढवून पाहिला. तेवढ्याने ते बरेच वर आले.

मी १ पासून सुरुवात केली आणि सध्या ३ किलोवर थांबलेय. ६१ किलो, विंग लोडिंग १ च्या किंचित आत. प्रत्येक किलोला चार उड्या दिल्या, पहिल्या दोन सकाळच्या वाऱ्यात. उंचावर सरावाचा फ्लेअर केला तेव्हा कॅनोपी नेहमीपेक्षा जरा जोरात ओढते हे हातांना कळलं. उतरताना पावलं दोन-तीन जास्त पडतात, पण उभी राहते.

काल पहिल्यांदा पूर्ण ३५ सेकंद काम केलं. व्हिडिओत एक जागा आहे, आम्ही चौघं ग्रिप सोडून जागच्या जागी फिरतोय, आणि मी कुठेच जात नाहीये. हात खांद्यांशी, बोटं उघडी. समोरच्याच्या हेल्मेटच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसतंय, अगदी समोर. ते मी कितीदा थांबवून पाहिलं सांगता येत नाही.

एक बारीक प्रश्न उरलाय. शिवणटिपण ताई, उजव्या कमरेच्या हाडावर बेल्टचा पाउच घासतो, कातडी लाल होते. हार्नेसचा पायाचा पट्टा त्यावर येतो म्हणून असेल का?

---

शिवणटिपण

तेच कारण. पाउच हाडाच्या नेमका वर न ठेवता दोन बोटं पुढे सरकवा, आणि डावीकडचाही तितकाच. मग पुन्हा तिन्ही स्थितींत हँडल तपासा, कारण पाउच सरकला की सगळं सरकतं. पट्ट्याखाली येणारी बेल्टची कड नुसतीच शिवलेली असेल तर आत मऊ पट्टी शिवून घ्या. बेल्टचा आतून-बाहेरून फोटो टाका, बघून सांगते.